पुराची रेघ आणि बुधवारची प्रार्थना

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं दूधगंगेकाठचं गाव, चौदा ख्रिस्ती घरं, कायमचा पाळक नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी निपाणीहून कुणी आलं तर उपासना होते. ऑगस्ट २०१९ मध्ये घरं बुडाली, २०२० ला टाळेबंदी, जुलै २०२१ ला पुन्हा पाणी. तरणी माणसं कामाला गोव्याला, इचलकरंजीला गेली. बुधवारची प्रार्थनासभा तुम्ही चालवता आणि आता सहा-सात बायकाच येतात. मधे बाहेरचा एक प्रचारक सांगून गेला की, तुमचा विश्वास कमी पडला म्हणून नदी घरात आली. एकवीस दिवस उपास धरा, पुन्हा येणार नाही. तुम्ही विचारता, 'या लोकांना मी आशा कशी देऊ, आणि प्रार्थनेत मागू तरी काय?' अगदी शेवटी, जणू सहज, एक ओळ लिहिली आहे: प्रार्थनाघराच्या भिंतीवर पुराची रेघ आहे, ती चुन्यानं पुसायची की राहू द्यायची यावरून मंडळीत दोन तट पडलेत.

मी चौतीस वर्षं कर्नाटक सीमेवरच्या चिकोडी, निपाणी आणि खानापूर या पट्ट्यात पाळक होतो, आता निवृत्त आहे. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही. कुणावर किती कर्ज आहे, कुणाचं घर कागदावर पडलं आणि कुणाचं नुसतंच पडलं, यावर बरंच अवलंबून आहे. तेव्हा मी जे सांगतो ते तुमच्या गावाच्या मापानं कापून घ्या.

'आशा कशी देऊ' हा प्रश्न मला थोडा अडला. आशा काही रेशनच्या तांदळासारखी पोत्यातून मोजून देता येत नाही. तुमच्या पत्रात मला वेगळीच गोष्ट दिसली. तुम्ही लिहिता, 'बायका येतात, गाणी म्हणतात, आमेन म्हणतात आणि निघून जातात. पुराचं कुणी बोलतच नाही.' माझ्या मते दुखणं तिथं आहे. एवढं सगळं वाहून गेलं आणि ते देवासमोर बोलायला गावात जागा नाही. प्रार्थनासभेला हसऱ्या चेहऱ्यानं यावं लागतं असं लोकांना वाटतं. ज्यांना तसं येणं जमत नाही ते घरी बसतात.

हे मला कळलं ते माझ्याच चुकीतून. २००५ च्या पुरात एका गावच्या शाळेत गंजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांची छावणी, उघडलं होतं. तिसऱ्या दिवशी मी तिथं गेलो, बायबल काढलं आणि महापुरातून वाचलेला नोहा, त्याचं तारू, आणि पुन्हा तसा पूर आणणार नाही या देवाच्या वचनाची खूण असलेलं इंद्रधनुष्य यावर पाऊण तास बोललो. चांगलं बोललो असं मलाच वाटत होतं. खाली उतरलो तर कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "पाळकसायेब, तुमचं इंद्रधनुष्य ऱ्हाऊ द्या. माझ्या घरात अजून गुडघाभर चिखल हाय." मी ओशाळलो. तिनं मग स्वतःच डोळे मिटले आणि प्रार्थना केली. तिच्या प्रार्थनेत एकही मोठा शब्द नव्हता. "देवा, दोन शेळ्या गेल्या. एक गाभण हुती. जातं चिखलात हाय. नवऱ्याचा फोटो गेला, आता त्याचं तोंड मला कुठं बघायला मिळणार? तुला ठावं हाय का न्हाई?" एवढं बोलून ती थांबली. सगळा वर्ग रडत होता. माझ्या पाऊण तासात कुणाच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं.

त्या रात्री घरी येऊन मी बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक उघडलं. धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकलो होतो, पण परीक्षेपुरतं. यरुशलेम पडल्यानंतरची ही पाच गीतं. त्यातली पहिली चार इब्री वर्णमालेच्या क्रमानं रचलेली आहेत. बावीस अक्षरं म्हणून बावीस कडवी. तिसऱ्या गीतात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून सहासष्ट. दुःख एवढं अफाट की कुठून सुरू करावं आणि कुठं थांबावं कळेना, तेव्हा त्या माणसानं मुळाक्षरांचा आधार घेतला: पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं सांगून टाकायचं, मधलं एकही गाळायचं नाही. 'त्याची दया रोज सकाळी नवी होते' हे जे वचन आपण कॅलेंडरवर छापतो ते याच पुस्तकाच्या मध्यावर येतं. त्याच्या आधी रडणं आहे आणि नंतरही रडणं आहे. शेवटची ओळ तर 'तू आम्हांला अगदीच टाकलंस का' अशा वळणाची आहे. तरी हे पुस्तक पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं, कुणी काढून टाकलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात मी त्याच गावात बायकांना म्हटलं, आपणही बाराखडीनं प्रार्थना करू. ज्याला जे अक्षर येईल त्यानं त्या अक्षराचं गेलेलं सांगायचं. आधी हसल्या. मग एकीनं सुरुवात केली: क, कणगी गेली. ख, खुराडं गेलं. ग, गोठा. घ, घर. मग ङ आला. ङ पासून मराठीत शब्दच नाही. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, इथं नुसतं गप्प बसू. दोन-तीन मिनिटं कुणी बोललं नाही. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं, तो आवाज तेवढा आठवतो. मग चूल, छप्पर, जातं, झोप. 'झोप गेली' म्हणणारी अवघी विशीतली होती. ज्ञ पर्यंत आम्ही त्या दिवशी पोचलोच नाही.

तुम्ही येत्या बुधवारी हेच करा असं मी म्हणत नाही. काही मंडळ्यांना ते पोरखेळ वाटेल. पण तक्रार ही प्रार्थना आहे, आणि ती आधी येते, एवढं त्या सहा-सात बायकांना कळू द्या. स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र 'कोठवर?' या प्रश्नानंच उघडतं आणि तोच प्रश्न चार वेळा विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. माझ्या एका मंडळीत आजी मराठी बायबल वाचायची आणि नात कन्नड शाळेतली, तिला मराठी अक्षर लागत नव्हतं. तेरावं स्तोत्र वाचून झालं की आजी म्हणे, "कुठवर, देवा?" आणि नात म्हणे, "देवरे, एष्टु दिन?" हळूहळू सगळी सभाच दोन्ही भाषांत म्हणू लागली. सीमेवर राहण्याचा हा एक फायदा: देवाला विचारायला आपल्याकडं दोन भाषा आहेत.

वडीलधाऱ्यांपैकी कुणी म्हणेल की देवाला असं बोलणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. त्यांना आठवण करून द्या की आपल्या मातीत देवाशी भांडायची रीत जुनी आहे. तुकोबांनी विठ्ठलाला काय कमी बोल लावले? आणि ना. वा. टिळक, १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेले आपले मोठे कवी, म्हणत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून येताना भांडण काही पलीकडच्या काठावर ठेवून यावं लागत नाही. खुद्द येशूनं वधस्तंभावर 'तू मला का सोडलंस' असंच विचारलं.

आता त्या प्रचारकाचं. 'आमच्या पापामुळं पूर आला का' हा प्रश्न तुम्ही थेट विचारला नाहीत, पण तुमच्या बायकांच्या मनात तो घर करून असणार. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याची गोष्ट आहे, तेरावा अध्याय. येशू विचारतो: ते अठरा यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हांला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडं बोट दाखवून विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? तिथंही उत्तर 'नाही' असंच आहे. एवढं स्पष्ट सांगितलेलं असताना आपण पुराच्या पाण्यात पाप मोजत बसावं, हे मला पटत नाही. नदी का आली हे आपल्या भागात शाळकरी पोराला ठाऊक आहे. घाटावर पाऊस कोसळतो, काळम्मावाडी धरणातून दूधगंगेत आणि पाटगाव धरणातून वेदगंगेत पाणी सुटतं, आणि खाली कृष्णा आधीच फुगलेली असली की आपल्या नदीचं पाणी पुढं सरकत नाही, मागं चढतं. २०१९ ला यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं तेव्हा ट्रकवाल्यांच्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसं अडकली होती. (पूर अलमट्टी धरणामुळं येतो की कोयनेच्या धरणामुळं हा वाद मात्र प्रार्थनासभेत आणू नका. तो एकदा सुरू झाला की प्रार्थना राहते बाजूला आणि चहा निवतो.)

पण प्रचारकाशी भांडूही नका. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात उभा राहून जाहीर करतो की दोन वर्षांच्या आत सगळं पूर्ववत होईल. यिर्मयाला माहीत आहे की तसं होणार नाही. तरी तो आधी काय म्हणतो? 'आमेन! परमेश्वर तसंच करो.' ही जागा मला फार आवडते. शेजाऱ्यानं भलं चिंतलं तर त्याला आमेन म्हणायला काही लागत नाही. पण पुढच्याच अध्यायात यिर्मया बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पत्र लिहितो आणि त्यात दोन वर्षांचा नव्हे, सत्तर वर्षांचा हिशेब मांडतो: घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, ज्या शहरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. तुम्हीही त्या प्रचारकाच्या इच्छेला आमेन म्हणा, त्याच्या हमीवर मात्र सही करू नका. उपास धरायचा तर धरा. फक्त ज्या बाईची चूल आधीच दिवसातून एकदा पेटते तिला त्यात ओढू नका. आणि पाणी परत आलं तर दोष तिच्या विश्वासाचा नव्हता हे आजच सांगून ठेवा. तेव्हा सांगायला उशीर झालेला असतो.

मागायचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. माझं उत्तर रोकडं आहे: नावानिशी आणि आकड्यानिशी मागा. 'हे प्रभू, पूरग्रस्तांचं भलं कर' ही प्रार्थना चुकीची नाही, पण ती केल्यावर माणूस उठून घरी जातो आणि विसरतो. मी एक वही ठेवायचो, साधी दोनशे पानी. त्यात नाव, काय मागितलं ते, आणि त्यासाठी आपण काय करणार ते. २०१९ नंतर त्या वहीत जवळजवळ सगळ्या नोंदी घरांच्या होत्या. तुम्हांला माहीतच आहे: तातडीची मदत म्हणून १० हजार रुपये मिळाले, पुढं घरांची अ, ब, क अशी वर्गवारी झाली, पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर झाले आणि थोडंच नुकसान झालेल्या क वर्गाला ५० हजार. मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी ओसरून ऊन पडलं की मग भेगाळते, कोसळते. पंचनामा भिंत उभी असताना झाला तर घर क मध्ये. अशी किती घरं तुमच्याकडं आहेत बघा.

आम्ही बुधवारी त्या घराचं नाव घेऊन प्रार्थना करायचो आणि गुरुवारी दोघं जण तलाठ्याकडं, पीडीओकडं (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडं) जायचो. अर्ज कन्नडमध्ये, म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही. कन्नड शाळेत शिकलेली मंडळीतली एक मुलगी होती, ती अर्ज भरायची. तिला मी गमतीनं 'आमची मध्यस्थ' म्हणायचो. मध्यस्थीची प्रार्थना म्हणजे दुसऱ्यासाठी मधे उभं राहणं, तर तिच्यापेक्षा जास्त मधे कोण उभं होतं? सगळे अर्ज मंजूर झाले असं अजिबात नाही. एका विधवेचं घर शेवटपर्यंत क मध्येच राहिलं. वहीत तिच्या नावापुढं आम्ही खोटं काही लिहिलं नाही. 'नाही झालं' असंच लिहिलं आणि पुढच्या बुधवारी पुन्हा तिचं नाव घेतलं. तिनंच एकदा सांगितलं की, पैसे मिळाले नाहीत, पण दर आठवड्याला माझं नाव निघतंय म्हणून मी यायचं बंद केलं नाही.

प्रार्थना आणि धडपड यांत कुणी निवड करायला लावली तर पंडिता रमाबाईंचं नाव घ्या. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या. तिथं पहाटेपासून प्रार्थना चालायची, आणि त्याच आवारात विणकाम, शिवण, छपाई शिकवली जायची.

ज्यांना प्रार्थना करणंच जमत नाही त्यांचं काय? मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात आणि छप्पर उसकटून खाली सोडतात. त्या माणसाच्या विश्वासाविषयी तिथं एक शब्द नाही. येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलं आहे. तुमच्या सहा-सात बायका या त्या चौघांसारख्या आहेत. न येणाऱ्यांना दूषण देऊ नका. त्यांची नावं घ्या, बाज उचला. आमच्याकडं एक बाप्या होता, पुरात त्याची सगळी ऊसशेती कुजली. शेंड्यात पाणी गेलं की ऊस जात नाही असं होतच नाही. तो प्रार्थनाघराच्या बाहेर भिंतीला टेकून बसायचा, आत यायचा नाही. दीड वर्ष तसाच बसला. मी एकदाही 'आत ये' म्हटलं नाही, फक्त खिडकी उघडी ठेवायची ताकीद दिली होती. पुढं तो आत आला का, हे तुम्ही विचाराल म्हणून सांगतो: नाही आला. पण भजनाला बाहेरून ताल धरायचा.

आणखी एक बारीकशी गोष्ट, निपाणीकडची म्हणून सांगतो. बायका येत नाहीत याचं कारण कधी कधी अगदी साधं असतं: हजार बिड्यांच्या हिशेबानं मजुरी मिळते आणि सभेचा एक तास म्हणजे तेवढ्या बिड्या कमी. माझ्या एका मंडळीत मी सांगितलं, सूप घेऊन या, पानं-तंबाखू घेऊन या, वळत वळत प्रार्थना करा. वडील मंडळी चिडली. प्रार्थनेत तंबाखू? त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, तंबाखूचं मलाही कौतुक नाही. पण महिन्याभरात सभेत सतरा बायका झाल्या. तुमच्याकडं बिडीचं काम नसेल तर दुसरं काही असेल. वेळ कुणाला कधी मिळतो ते आधी विचारा. बुधवार काही पवित्र शास्त्रात लिहिलेला नाही.

इथवर तक्रार आणि मागणं झालं. आता आशेकडं येतो. ती मी मुद्दाम मागं ठेवली होती. यिर्मयाचाच बत्तिसावा अध्याय वाचा. यरुशलेमाला बाबेलच्या सैन्याचा वेढा आहे, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन! कुठलाही शहाणा माणूस हात जोडेल. यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो, हा कागद मातीच्या भांड्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. पैसे देऊन झाल्यावर तो प्रार्थनेला बसतो, आणि त्या प्रार्थनेत त्याची घालमेल स्पष्ट दिसते: शहर तर चाललं आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! म्हणजे आशा आधी त्याच्या मनात दाटून आली आणि मग त्यानं व्यवहार केला, असा क्रम नाही. कागद आधी झाला, मन मागून फरपटत आलं.

या गोष्टीवर मी २०१९ च्या डिसेंबरात एका नदीकाठच्या मंडळीत बोललो. तिथल्या एका बाईनं ती माझ्यापेक्षा नीट ऐकली. ती म्हणाली, "मग आपलं मातीचं भांडं कुठाय?" पुरात त्या मंडळीत कुणाचा उतारा भिजला होता, कुणाचा दहावीचा दाखला, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची पानं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी वर्गणी काढून एक मोठी पत्र्याची पेटी घेतली. त्यात सगळ्या घरांचे उतारे, आधार, रेशनकार्ड, बँकेची पासबुकं, मुलांचे दाखले, नोंदवही, प्रत्येक घराची एकेक प्लॅस्टिकची पिशवी. पेटी वरच्या आळीतल्या एका घरात ठेवायची ठरली. ते घर ख्रिस्ती नव्हतं, लिंगायत शेजाऱ्याचं होतं. त्यानं माळ्यावर जागा दिली आणि त्याचेही कागद त्याच पेटीत गेले. जूनच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की पेटीवर हात ठेवून प्रार्थना करायची आणि चौघांनी ती वर न्यायची, असा शिरस्ता पडला. जुलै २०२१ मध्ये पाणी आलं. घरात कंबरभर होतं. पेटी कोरडी राहिली.

मला कुणी 'ख्रिस्ती आशा म्हणजे काय' विचारलं की मी आता व्याख्या सांगत नाही, ती पेटी सांगतो. पुनरुत्थानावर आमचा विश्वास आहे, तो मी कमी लेखत नाही. चौतीस वर्षं प्रत्येक कबरीपाशी तोच वाचला. पण त्या विश्वासाला गावात हातपाय लागतात ते अशा कामात, जे 'पुढचं वर्ष आहे आणि त्यात आपण आहोत' असं धरून चालतं. तुमच्या गावाचं असं काम कोणतं, हे मी इथून सांगू शकत नाही. कुठं ते रोपं लावणं असेल, कुठं वरच्या अंगाला दोन गुंठे जागा घेणं, कुठं मुलीचं कॉलेज न थांबवणं. एक पथ्य मात्र पाळा: ते काम एवढं लहान असावं की या पावसाळ्याआधी पुरं होईल.

बाहेरगावी गेलेल्यांना तुमची सभा 'गेलेले' म्हणून मोजत असेल तर ते थांबवा. बाबेलच्या लोकांना पत्र गेलं, तसं यांनाही जाऊ द्या. महिन्यातून एक बुधवार गोव्याच्या पोरांना फोन लावून, स्पीकरवर ठेवून प्रार्थना करा. ती पोरं लाजतात, आधी नुसतं 'हं हं' करतात. चालतं.

मदतीबद्दल माझा एक जुना नियम. धान्य, चटया, औषधं आली तर ती वाटण्याच्या ठिकाणी प्रार्थना नाही, आणि प्रार्थनेच्या ठिकाणी वाटप नाही. शेजारच्या गल्लीलाही तेवढंच द्यायचं. कर्नाटकात धर्मांतराविषयीचा कायदा २०२२ ला आला, माझा नियम त्याच्या कितीतरी आधीचा आहे. पोत्याशेजारी उभं राहून केलेली प्रार्थना समोरच्याला विकत घेतल्यासारखी वाटते, आणि पूर ओसरल्यावर त्याच गल्लीत आपल्याला राहायचं असतं.

आणखी एक, आणि हे हलक्यात घेऊ नका. तुमच्यापैकी कुणी 'जगून काय करायचं' असं वारंवार म्हणत असेल, जेवण-झोप सुटली असेल, कीटकनाशकाची बाटली घरात कुठं आहे यावर बोलत असेल, तर नुसती प्रार्थना करून घरी पाठवू नका. त्या रात्री त्याच्यासोबत कुणीतरी झोपायला जा, बाटली तिथून हलवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा, तो फुकट आहे. तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा. गरज पडली तर धारवाडला मानसिक आरोग्याचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. मी स्वतः एका माणसाच्या बाबतीत 'प्रार्थना केली, आता बरा होईल' म्हणून निघून आलो होतो. त्याच्याबद्दल इथं जास्त लिहवत नाही.

थोडक्यात बुधवार कसा चालवावा ते विचारलंत तर असा: एक भजन, फार जोशाचं नको. एक विलापाचं स्तोत्र, मराठीतून आणि कन्नडमधून. मग ज्याला बोलायचं त्यानं गेलेलं किंवा चाललेलं सांगायचं. मधे कुणी उपदेश करायचा नाही, विशेषतः तुम्ही. सगळं गमावलेल्या इयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. मग वही उघडून नावं, आणि उद्या कोण कुठं जाणार ते. शेवटी प्रभूची प्रार्थना. त्यातली 'रोजची भाकर' सावकाश म्हणा. चाळीस मिनिटं पुरे.

राहिली भिंतीवरची रेघ. मी दोन गावं पाहिली. एका गावानं सगळी भिंत रंगवली आणि रेघेच्या जागी वीतभर पट्टा तसाच ठेवला, शेजारी तारीख लिहिली. बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्यानं दगड उभा करून 'येथवर परमेश्वरानं साहाय्य केलं' म्हटलं होतं, त्या धर्तीवर. दुसऱ्या गावात बायकांनी सांगितलं की लहान मुलं त्या रेघेकडं बघून आत यायला घाबरतात, म्हणून त्यांनी दोन हात चुना मारून ती पार घालवली. दोन्ही गावांचं मला बरोबर वाटलं. तुमच्याकडं दोन तट पडलेत म्हणता, पण त्यात बोलणारे सगळे पुरुष असावेत असा माझा अंदाज आहे. पूर ओसरल्यावर ते प्रार्थनाघर ज्यांनी खराट्यानं धुतलं आणि चिखल घमेल्यांनी बाहेर काढला, त्या बायकांना कुणी विचारलंय का? त्यांना विचारा, आणि त्या म्हणतील तसं करा.